वळणावरची फांदी

त्या दिवशी आभाळ कुंद होतं. पाऊस नाही, वारा नाही, नुसती उमस. अंगणातल्या कण्हेरीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"अंदाज तर माझा खराच ठरला ना, बुवा? मग डोळा का लागत नाही?"

विचारणारा जालिंदर. रस्त्यांच्या खात्यातला इंजिनियर. कुठला रस्ता कधी खचेल, हे आधी सांगणं त्याचं काम. ट्रक किती जातात, पाणी किती मुरतं, डांबर किती जुनं... सगळं मांडायचा आणि सांगायचा. बहुतेक वेळा तसंच व्हायचं. त्याचा त्याला जरा ताठाही होता.

हरबाबुवा त्याच्या शेजारचे. गावचं भजन त्यांच्याकडं. जालिंदरच्या हातात पहिल्यांदा टाळ दिला तो त्यांनीच.

बुवा ओट्याकडं बघत बसले होते. ओट्यावर दुधाच्या किटल्या उपड्या पडल्या होत्या. नातवाच्या, भानूच्या. त्याचं तेरावं कालच झालं होतं.

"मी केव्हाच सांगितलं होतं, बुवा. खिंडीतल्या वळणावर भेगांची जाळी धरलीय, यंदाचा पावसाळा तो रस्ता काढत नाही. वरही कळवलं. कुणी मनावर घेतलं नाही."

"हं."

"आणि झालं तसंच. तिथंच."

"तू आला होतास की त्या दुपारी," बुवा म्हणाले. "मोबाईलमधला खड्ड्याचा फोटो दाखवायला. बघा बुवा, म्हणालो होतो की नाही..."

जालिंदरची मान खाली गेली.

"खूश होतास लेका."

"होतो..."

"मी विचारलं, खड्ड्यात फांदी रोवलीस का रे."

त्या भागातली रीतच होती ती. रस्त्यात खड्डा ज्याला आधी दिसेल, त्यानं झाडाची फांदी तोडून त्यात उभी करायची. मागनं येणाऱ्याला लांबूनच कळावं. गुरं वळणारी पोरंसुद्धा चुकायची नाहीत.

"उद्या लावतो, म्हणालो मी..."

"आणि मी बी उठलो नाही, जालिंदर. म्हटलं, लावील उद्या."

त्याच संध्याकाळी दूध घालून परतताना भानूची गाडी त्या खड्ड्यात गेली होती. वर पाणी साचलेलं. पोराला रस्ताच वाटला असेल.

बुवांनी एक किटली उचलली, पुन्हा तशीच उपडी ठेवली.

"मला शिव्या द्या, बुवा. पण काहीतरी बोला."

बुवा उठले. कोयता घेतला, कुंपणाच्या निरगुडीची एक फांदी तोडली आणि जालिंदरच्या हातात दिली.

दोघं खिंडीकडं चालू लागले. बुवा मधेमधे दम खायला थांबायचे. जालिंदरही थांबायचा.

वळणावर खड्डा नव्हता. माणूस गेल्यावर खात्यानं तो घाईघाईनं बुजवला होता. जुन्या रस्त्यावर नव्या डांबराचं काळंभोर ठिगळ तेवढं दिसत होतं.

बुवा त्या ठिगळापाशी टेकले. त्यावर तळहात ठेवला, निजलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

जालिंदर फांदी धरून उभाच.

"खड्डा तर बुजला, बुवा. आता ही रोवू कुठं?"

बुवांनी हात उचलला नाही. वर पाहिलंही नाही.

"पुढचा कुठं पडणार, ते तुला ठाऊक आहे ना, बाळा... तिथं."