आंबेखोलचा न सोडवलेला गोफ

आंबेखोलच्या वाघजाईसमोर जुना आंबा आहे. शिमगा उलटून गेला तरी त्याच्या फांदीला रंगीत दोरांचा गोफ लोंबत असतो. इतर गावांत नाचणारे गोफ विणतात आणि उलट्या पावलांनी सोडवतातही. खरं कसब सोडवण्यातच. इथे मात्र विणतात आणि घरी जातात. पुढचं येत नाही वाटतं, म्हणून पाहुणे हसतात. मग देवीचा गुरव भागूराम त्यांना खाली बसवतो आणि सांगतो.

पूर्वी हा गोफ खोताच्या अंगणात व्हायचा, असं सांगतात. अर्ध्या गोफाचा दोर कुणी हातातून सोडला तर देवी कोपते, अशी समजूत. खोताला ती चांगलीच सोयीची होती. त्याच्या पाहुण्यांचं मन भरेपर्यंत गडी भर उन्हात नाचायचे. पाणी मागायची सोय नव्हती.

एका शिमग्याला येसूचा नवरा लखू तापाने फणफणला होता. त्याला अंथरुणातून उठवून नेलं. येसू मागोमाग गेली. गोफ विणून झाला, सोडवायला लागले, आणि लखू कोसळला. येसू धावली, तसा खोत ओट्यावरूनच म्हणाला, "आधी गोफ सुटू दे. मग उचला त्याला."

खोत तो खोतच. येसूचं डोकं फिरलं ते बाकीच्यांमुळे. लखूच्या पंगतीला बसलेले, त्याच्या वरातीत नाचलेले हे गडी खाली मान घालून त्याला ओलांडत नाचत राहिले. देवीच्या भीतीने म्हणे.

लखूच्या मुठीतून दोर काढला तेव्हा येसूला कळलं, तो गेला होता. ती रडली नाही. दोर घेऊन रिंगणात शिरली आणि मुद्दाम वाकडी चालली, याच्या खालून, त्याच्या वरून, वाटेल तशी. गोफाला अशी गाठ बसली की नाचणारे जागच्या जागी थांबले.

"सोडवा आता," ती म्हणाली. "माजा मानूस तुमच्या पायाखाली मेला. देवी कोपते तर कोपू दे. मी काय कमी कोपल्ये?"

एकेकाच्या हातून दोर गळाला. खोत ओरडत राहिला, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. लखूला त्याच गड्यांनी खांदा दिला. येसूने त्यांना माफ केलं नाही, मरेपर्यंत नाही. भागूराम हे दोनदा सांगतो. पुढल्या वर्षी गोफ देवळापुढे आला, पण तो सोडवायला कुणाचं पाऊल उचललं नाही.

आजही इथे नाचताना कुणी नुसता ठेचकाळला तरी सगळे हातातले दोर टाकतात आणि आधी त्याला उचलतात. देवीला राग येत नाही का, असं पाहुणे विचारतात.

"आला तर येऊ दे," देवीचा गुरव म्हणतो.