उघड्या दारावरचं कुलूप

एका राज्याच्या पोटातून एक भिंत गेली होती. अलीकडे उगवतीची माणसं, पलीकडे मावळतीची. एके सकाळी ती भिंत पाडली आणि काय सांगू, ढोल वाजले, पेढे वाटले! छोट्या शेवंतीची आई पलीकडच्या मावशीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. राज्य एक झालं! पण पेढे संपले न संपले तोच मावळतीचे कारभारी आले. हातात काय, तर कुलपंच कुलपं.

आता उगवतीची रीत अशी, की दिवसा दार लावायचंच नाही. घरी कुणी नसलं तरी दार सताड उघडं आणि उंबऱ्यावर पाण्याची कळशी. वाटसरूनं यावं, पाणी प्यावं, सुखानं जावं. एका दुपारी शेवंती आणि आई नदीवर सूत धुवायला गेल्या. परत येऊन बघतात तर दाराला हे भलंथोरलं कुलूप! आत आईचा माग आणि मागावर अर्धं विणलेलं लुगडं.

"दार उघडं, आत माणूस नाही, म्हणजे घर बेवारशी," कारभारी म्हणाले. "आमच्याकडे असंच असतं."

"अहो, ही आमची रीत आहे!" आई कळवळून म्हणाली.

"तुमच्या रीती आता विसरा, बाई."

आणि वर त्याच कळशीतलं पाणी गटागटा पिऊन गेले. मेल्यांना लाज म्हणून नाही!

शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळशी उचलून ती भिंतीच्या जागेकडे धावत सुटली. तिथं वर्षानुवर्षं कुणाचं पाऊल पडलं नव्हतं, म्हणून रान फुललं होतं. निळी, पिवळी, गुलाबी, इवली इवली फुलं! एका फुलावर बोटाएवढी परी धापा टाकत बसली होती. तिचे चिमुकले पंख पार सुकले होते.

"पाणी देतेस, बाळ?"

तळाशी घोटभरच उरलं होतं. शेवंतीचाही घसा कोरडा पडलेला. तरी तिनं ते सगळं परीच्या ओंजळीत ओतलं. पंख कसे सोन्यासारखे चमचम करायला लागले!

"माग एक इच्छा. पण मागशील ते दोन्हीकडे लागू होईल, आणि दिलेलं परत फिरणार नाही."

"भिंत पुन्हा उभी कर! ढगाला टेकेल एवढी!"

"करते हं. पण मावशीला शेवटचं भेटून आलीस ना?"

शेवंतीचे डोळे भरून आले. राग मात्र तस्साच होता.

"राग असू दे गं," परी हळूच म्हणाली. "पण नीट माग."

"मग ज्या घराचं माणूस बाहेर ताटकळतंय, त्या घरावर कुलूप टिकता कामा नये!"

लख्ख उजेड झाला आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

खळ्ळकन कुलपं गळून पडली. पलीकडून मावशी हसत रडत धावत आली. "अगं, याच कारभाऱ्यांनी कुलूप लावून मलाही माझ्या घरातून हाकललं होतं. लाजेपायी बोलले नाही. आज दार उघडलं!"

दुसऱ्या दिवशी कारभारी नवी कुलपं घेऊन आले. पण शेवंती बाहेर अंगणातच उभी, त्यामुळे लावलं की पडे, लावलं की पडे. घामाघूम होऊन ते उंबऱ्यावरच्या कळशीकडे वळले. आतून मागाचा खटखट आवाज येत होता.

शेवंती कळशीपुढे उभी राहिली.

"पाणी प्या, सगळं प्या," ती म्हणाली. "पण आधी हाक मारा. इथं माणसं राहतात!"