माजी मेजरसाहेब

मेजर इंगवल्यांचा रुबाब काय विचारता! निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी मिशीचा पीळ तसाच होता. ते एक वसतिगृह चालवत. फाटकावर पाटी होती : ‘दिवंगत सैनिकांच्या मुलांना राहणं, जेवण, शिक्षण मोफत.’

ती पाटी वाचून शेवंता शेलार आईला घेऊन आत गेली. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती, आणि तिची सातवी नुकतीच झाली होती.

“वडील कुठल्या लढाईत गेले?” मेजरांनी विचारलं.

“लढाईत नाही. बाबा फौजेत हवालदार होते. निवृत्त होऊन घरी आले आणि मागच्या वर्षी आजारपणात गेले.”

“मग ते सैनिक नव्हेत, माजी सैनिक. घरी परतला की माणूस साधा नागरिक. जागा मिळायची नाही.”

आईनं डोळ्याला पदर लावला. शेवंतानं मात्र अदबीनं हात जोडले.

“बरं, येतो आम्ही, माजी मेजरसाहेब.”

मेजर ताडकन उठले. “माजी? माजी कोण? अगं पोरी, वर्दी उतरते, हुद्दा उतरत नाही! फौजी शेवटच्या श्वासापर्यंत फौजीच असतो!”

“मग शेवटचा श्वास घेताना माझे बाबा कोण होते, साहेब?”

या पोरीला मानलं बुवा! मेजरांची मिशी आधी थरथरली, मग ते खो खो हसत सुटले.

“नाव लिहून घ्या हिचं,” त्यांनी कारकुनाला फर्मावलं.

“वडील माजी हवालदार ना?” कारकुनानं विचारलं.

“खबरदार!” मेजर गरजले. “नुसतं हवालदार लिहा.”