टाचेपुरती शांतता

फार पूर्वी, म्हणजे तुमचे आजोबा रांगत फिरून माती खायचे त्याच्याही आधी, एका डोंगरावरच्या गावात एक मोजेवाली राहत होती. तिचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की त्या नावाची एखादी बाई रुसते, आणि मग गोष्ट राहते बाजूला.

त्या गावात थंडी अशी, की पहाटे कोंबडा आरवायला चोच उघडायचा आणि हुडहुडी भरून तशीच मिटायचा. म्हणून घरोघरी बायका लोकरीचे मोजे विणत. सगळ्यांत सुरेख हात मोजेवालीचा. निदान लग्न होईपर्यंत होता. मग तिला दोन पोरं झाली. थोरली सोनकी, ती दिवसभर प्रश्न विचारायची. आणि धाकटा भुंगा, तो उत्तराची वाट न बघता हात घालायचा.

त्या मुलखात बारशाची एक रीत होती. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, हे तुमच्याकडेही असेल. पण तिथं आत्यानं आधी स्वतः विणलेले मोजे बाळाच्या पायांत घालायचे आणि मग बायकांनी पाळणा म्हणायचा. पाळणा संपेपर्यंत मोजे पायांत राहिले, तर त्या आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं. मोजा गळून पडला, तर मान दुसऱ्या आत्याचा. आत्या एकच असली की मोज्याकडे कुणी फार निरखून बघत नसे. सगळ्यांना जेवायची घाई असते. पण मोजेवालीच्या भावाला बहिणी दोन होत्या.

थोरली होती अक्का. अक्काची मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली. घरात शांतता अशी, की भांड्याला भांडं लागलं तर दोघांनाही बोलणी बसायची. भावाला पुष्कळ वर्षांनी मूल होणार हे कळताच अक्कानं दार लावून घेतलं आणि मोज्यांचा जोड विणून मोकळी झाली. नावही ठरवून टाकलं. मुलगा झाला तर धोंडू.

"दृष्ट लागत नाही," अक्का म्हणाली. "धोंड्याला कोण दृष्ट लावणार?"

तुमच्यात कुणी धोंडू असेल त्यानं मनाला लावून घेऊ नये. तुमच्या आत्याचा मोजा पायात राहिला, एवढाच त्याचा अर्थ.

मुलगाच झाला. मोजेवाली बाळ बघायला गेली तेव्हा वहिनीनं तिला हळूच जवळ ओढलं. "वन्सं, काहीही करा. पण माझ्या लेकराला धोंडू होऊ देऊ नका. मल्हार म्हणायचं मनात आहे माझ्या."

"नाही होऊ देत," मोजेवालीनं शब्द दिला.

शब्द द्यायला वेळ लागत नाही. मोज्याला लागतो.

त्यातून अक्कानं तिला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं, "विणकाम म्हणजे पूजा. पोरं दाराबाहेर, मगच सुया हातात." मोजेवालीनं ते अगदी व्रतासारखं पाळलं. लोकर फडताळात सगळ्यांत वर ठेवली आणि शांततेची वाट बघत बसली. सकाळी म्हणे, पोरं जेवली की विणीन. जेवली की म्हणे, झोपली की विणीन. पोरं झोपली की दूध उतू जाई, दूध आवरलं की शेजारीण येई, आणि शेजारीण गेली की पोरं उठत. शेजारीण काही केल्या लवकर जात नसे, हे सांगायला नकोच. अशानं बारसं उद्यावर आलं तेव्हा एक मोजा पुरा होता आणि दुसरा जेमतेम चार बोटं.

त्याच दिवशी पहाटे बैलगाडी जुंपली. नवरा पुढं, पोरं मध्ये, मोजेवाली मागं. संध्याकाळपर्यंत भावाचं गाव गाठायचं होतं.

"आज कुणी आवाज करायचा नाही," मोजेवाली म्हणाली. "मला विणायचंय."

"का विणायचंय?" सोनकीनं विचारलं.

"बाळाला."

"बाळ चालतं का?"

"नाही."

"मग मोजे कशाला?"

टाका सुटला. तो उचलेपर्यंत भुंग्यानं लोकरीचा गुंडा चाकाकडे सोडून दिला. गुंडा गुंडाळेपर्यंत भुंग्याला भूक लागली. भूक भागली तर त्याला शू लागली. त्याला उतरवून पुन्हा चढवलं तर सोनकीला लागली. मोजेवाली एक फेर विणायची आणि दोन उसवायची. दुपार कलायला लागली तेव्हा चार बोटांचा मोजा अंगठीएवढा झाला होता, आणि मग तोही भुंग्यानं सुईवरून ओढून काढला.

मोजेवालीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. भुंगा रडला. तो रडला म्हणून सोनकी रडली. मग मोजेवालीलाही रडू आलं. नवऱ्याच्याही मनात होतं, पण बैल हाकायला कुणीतरी हवं.

तेवढ्यात वाटेला फाटा आला. उजवीकडची वाट पोरांच्या काकूच्या गावाला जात होती.

"अगं, एक सुचवू का?" नवरा म्हणाला. "पोरांना काकूकडे ठेवू. परतताना घेऊन जाऊ. तू पुढं निवांत विण. संध्याकाळपर्यंत तुझा मोजा नक्की होतो."

खरं होतं ते. पोरं नसती, तर मोजा सहज झाला असता. वहिनीला दिलेला शब्दही राहील, असं वाटत होतं. मोजेवालीनं पोरांकडे पाहिलं.

सोनकीनं डोळे पुसले. "आम्ही राहतो काकूकडे," ती म्हणाली. "बाळ नंतर बघू. भुंग्याला मी गप्प करते, तू विण." आणि तिनं खरंच भुंग्याच्या तोंडावर हात दाबून धरला. भुंग्याला वाटलं खेळ आहे. त्यानं तो हात चाटला.

मोजेवालीनं भुंग्याच्या तोंडावरचा तो हात बाजूला केला. दुसऱ्याच्या बाळाला धड नाव मिळावं म्हणून आपल्या पोरांची तोंडं दाबायची, हे कसलं बारसं?

"सरळ हाका गाडी," ती म्हणाली.

"आणि मोजा?"

"झाला तर झाला. नाहीतर वहिनीची माफी मागेन आणि धोंडूला मांडीवर घेईन."

गाडी सरळ गेली. मोजेवालीनं मोज्याची आशाच सोडली होती, म्हणून पहिल्यांदा तिचा जीव जरा हलका झाला. भुंग्याला हसवायला तिनं पुरा झालेला मोजा त्याच्या मुठीत घातला. भुंग्यानं हात झटकला. मोजा सुटला तो थेट बैलाच्या शिंगावर जाऊन बसला. बैल तसाच चालत राहिला, पाटलाच्या थाटात. सोनकी हसून हसून आडवी झाली. नवऱ्यानं मोजा काढून दिला. भुंग्यानं पुन्हा घातला, पुन्हा झटकला. मोजा पुन्हा उडाला.

मोजेवालीचं हसू मध्येच थांबलं. "अहो, हा असाच उडणार."

"काय?"

"बाळानं पाय झाडला की हा गळूनच पडणार. गळा सैल आहे याचा."

मग तिनं सोनकीला लोकरीचा लांब धागा दिला आणि पीळ घालायला शिकवलं. दोरी झाली की ती त्या मोज्याच्या गळ्यात ओवायची. सोनकीच्या हाताला काम लागलं, पण तोंड मोकळंच होतं. भुंग्याला पितळी तांब्या दिला आणि आत गुंडा ठेवला. "यात कोकरू आहे. पळू द्यायचं नाही. मी ओढलं की थोडंसंच सोडायचं." भुंगा तांब्याला मिठी मारून बसला. राजाच्या खजिन्यावर असा पहारेकरी बसला असता तर चोरांची उपासमार झाली असती.

मोजेवालीनं दुसऱ्या मोज्याला मुळापासून हात घातला. गळ्याला दोन टाके सुलट, दोन उलट, म्हणजे घट्ट बसतो. गळा झाला की खाली नुसती नळी, गोल गोल.

"आई, कोकरू काय खातं?" सोनकीनं विचारलं.

"प्रश्न खातं. सकाळी दहा, दुपारी वीस."

"मग पोट दुखत नाही?"

"दुखतं. मग ते उत्तरं ओकतं."

अशी कोकराची गोष्ट लांबत गेली. कोकरू जत्रेला गेलं, पाळण्यात बसलं, मामाच्या टोपीत झोपलं. गाडी हेलकावत होती, भुंगा "पळालं, पळालं" म्हणून ओरडत होता, नवरा मधूनमधून कोकराला चुकीच्या गावाला पाठवत होता आणि सोनकी त्याला परत आणत होती. मोजेवालीनं सहज खाली बघितलं, तर नळी बोटभर वाढलेली. एकही टाका सुटलेला नाही.

ती चकित झाली. नळीला डोळे लागत नव्हते, मोजणं लागत नव्हतं. हातांना वाट पाठ होती. आजवर ती फडताळाखाली उभी राहून ज्या शांततेची वाट बघत होती, ती या कामाला नकोच होती.

मग टाच आली. टाच म्हणजे मोज्याची गोम. तिथं टाके मोजावे लागतात, अर्ध्यातून परत फिरावं लागतं, एक इकडचा आणि एक तिकडचा मिळवावा लागतो. तिथं कोकराचं काम नाही.

"अहो," मोजेवाली म्हणाली, "ओढा आला की गाडी सोडा. बैलांना पाणी पाजा आणि या दोघांना ओढ्यात घाला. मला टाचेपुरती शांतता द्या."

"आणि पंज्याला?"

"पंज्याला गोंगाट चालेल."

नवऱ्यानं धोतर खोचलं आणि पोरांना घेऊन पाण्यात शिरला. थोड्या वेळानं कुणी कुणाला सांभाळत होतं ते सांगता येत नव्हतं. तिघं चिंब भिजून वर आले तेव्हा टाच वळली होती. पुढचा पंजा, सोनकीनं कोकराचं लग्न लावलं तोवर होऊन गेला. दिवेलागणीला गाडी भावाच्या दारात उभी राहिली आणि मोजेवालीच्या हातात जोड होता.

जोड म्हणायला जोड. एका मोज्याच्या गळ्यात वेडीवाकडी दोरी, दुसऱ्याचा गळा उभ्या पन्हाळ्या पडल्यासारखा. पंज्यात गवताची काडी विणली गेली होती.

दुसऱ्या दिवशी बारसं. मान थोरलीचा पहिला. अक्कानं रुमालातून मोजे काढले, पांढरेशुभ्र, एकसारखे, जणू दोन लोण्याचे गोळे. बायकांनी तोंडात बोटं घातली. वहिनीचा चेहरा उतरला. अक्कानं मोजे बाळाच्या पायांत चढवले, बायकांनी पाळणा सुरू केला. बाळानं एक पाय झाडला. मग दुसरा. पाळणा अर्ध्यावर यायच्या आत लोण्याचे दोन्ही गोळे जमिनीवर.

"मूल फार चुळबुळं आहे," अक्का म्हणाली.

"मूल आहे, अक्का," भाऊ म्हणाला.

मग मोजेवालीनं आपला जोड काढला. अक्कानं नाकाला पदर लावला. "हे काय गं? एक मोजा नवरा आणि एक बायको दिसतोय."

"म्हणूनच टिकेल," मोजेवालीचा नवरा मागून म्हणाला.

पाळणा पुन्हा सुरू झाला. बाळानं पाय झाडले, घासले, एकमेकांवर आपटले, अंगठ्यानं अंगठा ओढून बघितला. गाणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या, मजा बघायला त्यांनी नसलेली कडवीही म्हटली. सोनकी श्वास रोखून उभी होती. भुंगा बाळाला "झटक, झटक" म्हणून शिकवत होता. बाळ दमलं. पाळणा संपला. मोजे जागच्या जागी.

मोजेवाली वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि म्हणाली, "मल्हार." वहिनीनं असा सुस्कारा टाकला की पाळण्यावर टांगलेलं चिमण्यांचं चिमणाळं हललं.

जेवणं झाल्यावर अक्का हळूच पाळण्यापाशी गेली. मोज्याचा गळा तिनं ओढून बघितला. "घट्ट आहे, पण रुतत नाही. हे कुणी शिकवलं तुला?"

"भुंग्यानं."

अक्कानं भुंग्याकडे बघितलं. तो तिच्या पांढऱ्याशुभ्र मोज्यात लाडू भरत होता. अक्का रागावली नाही.

"माझ्या घरात मोजा फेकणारं कुणी नाही गं," ती म्हणाली. "नुसते सुबक होतात." मग घसा साफ करून म्हणाली, "चार दिवस हे पोर उसनं देतेस का?"

"एकच का? दोन्ही ने."

सोनकीनं विचारलं, "मावशी, तुझ्या घरी बोललं तर चालतं?"

"बोललीस तर चालेल. गप्प राहिलीस तर परत धाडीन."

दोघं उड्या मारत अक्काच्या गाडीत चढली. वेशीबाहेर पडेपर्यंत सोनकीनं मावशीला इतकं विचारलं आणि मावशीनं इतकं सांगितलं, की मांडीवरच्या नव्या मोज्याचा गळा कधी पुरा झाला हे अक्काला कळलं नाही.

इकडे मोजेवाली आपल्या गाडीत बसली. गाडी रिकामी, वाट सुनसान. कुणाला भूक नाही, कुणाला शू नाही. इतकी वर्षं वाट बघितलेली शांतता आज रस्ताभर अंथरलेली होती. नवरा म्हणाला, "घे, आता मनसोक्त विण."

त्यानं वळून बघितलं. सुया मांडीवर, लोकर उशाला, आणि मोजेवाली गाढ झोपलेली. त्यानं बैलांना हळू चालायला सांगितलं.

तात्पर्य, कुणी विचारायच्या आत: शांतता टाचेपुरतीच मागावी, बाकीचा मोजा गोंगाटातच विणून होतो. आणि पायात टिकतोही तोच.