पायांतल्या मुंग्या

“पण बुवा, ही खूण नाही तर मग काय?”

दिगंबरने दोन्ही पाय पुढे पसरले. डोंगरावरच्या त्या लहानशा मठात तो पाच वर्षं साधना करत होता. पाच वर्षांत धान्य, डाळ, दूध, काही तोंडाला लावलं नव्हतं. उकडलेले कंद आणि फळं, एवढंच. बाकीचे साधक त्याच्याकडे आदराने बघत. ते त्याला ठाऊक होतं.

धोंडीबुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते.

“काय होतं म्हणालास?”

“दिवसभर पायांत मुंग्या येतात. चालताना जमीन लागत नाही. कापसावर पाय पडल्यासारखं वाटतं. जिभेची आग होते... शक्ती जागी होतेय, बुवा.”

“थकतोस?”

“देह थकणारच. मी आता देहात कुठे आहे?”

बुवा शेंगा बाजूला ठेवून उठले.

“उभा राहा. पाय जुळव.”

तो उभा राहिला.

“आता डोळे मीट.”

दीक्षाच मिळतेय असं वाटून दिगंबर मनोमन हरखला. त्याने डोळे मिटले.

तो डुलला. सावरला. पुन्हा डुलला... आणि आडवा कोसळला. बुवांनी दंड धरला म्हणून डोकं उंबऱ्यावर आपटलं नाही.

“वासुदेव म्हणून माझे एक गुरुबंधू होते,” बुवा म्हणाले. “तेही असंच सांगायचे. आम्ही त्यांच्या पाया पडायचो.”

“मग?”

“दोन वर्षांत त्यांचे पाय गेले... आम्ही पाया पडतच होतो.”

दिगंबरने आपल्या पायांकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याला त्यांची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बुवा त्याला एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली. लालभडक, गुळगुळीत. रक्त तपासलं.

“दूधसुद्धा नाही? पाच वर्षं?” त्या म्हणाल्या. “अंगातलं बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ संपलंय. अजून अंगावर काढलं असतं, तर पाय कायमचे गेले असते.”

इंजेक्शनं सुरू झाली. दिगंबर दूध प्यायला लागला. पहिल्या दिवशी पेला हातात घेऊन तो रडला.

चार महिन्यांनी तो आधाराशिवाय डोंगर चढून आला. पायांच्या बोटांच्या टोकांशी थोडी बधिरता उरली होती. ती राहील, असं बाईंनी सांगितलं होतं.

तो बुवांसमोर बसला.

“बुवा, पाच वर्षांत मला एकच अनुभव आला. तोही आजार निघाला.”

“हं.”

“पुढे कधी खरा आला... तर मी ओळखू कसा?”

बुवांनी त्याच्यापुढे भाकरीचं ताट सरकवलं.

“आधी दवाखान्यात जाऊन ये. तिथे काही सापडलं नाही, तर मग बघू.”