माहेरचं पोवळं आणि वन्संचा मासा

फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका लहानशा राज्यात एक राणी होती. तिचं माहेर दूरच्या बेटावर. लग्न होऊन येताना इतर मुली दागिने आणतात. हिने आणली होती समुद्राच्या पाण्याची एक घागर आणि तिच्यात मुठीएवढं पोवळं. अंगठीतला खडा नव्हे हं. फुलासारखं उमलणारं आणि बोट लावलं की मिटणारं, जिवंत पोवळं. सासरी सगळे हसले. राणीने मनावर घेतलं नाही. तिने सदरेसमोर काचेच्या भिंतीचा हौद बांधून घेतला, त्यात समुद्राचं पाणी खेळतं ठेवलं आणि पोवळं असं वाढवलं, की काही वर्षांत हौदात गुलाबी-जांभळी बाग उभी राहिली. माहेरची आठवण आली की राणी त्या काचेपाशी जाऊन बसायची.

एका उन्हाळ्यात हौदात शेवाळ माजलं. हाताने काढून काढून राणीची बोटं सुजली, पण शेवाळ काही हटेना. शेवटी ती राजाला म्हणाली, "आता मासा हवा. शेवाळ खाणारा, पण पोवळ्याला तोंड न लावणारा."

राजाने यातलं 'मासा हवा' एवढंच ऐकलं. त्याने लगेच दवंडी पिटली आणि लग्नाची स्थळं यावीत तसे मासे सांगून येऊ लागले. राजा एकेकाला न्याहाळायचा. "रंग उजळ आहे." "हा जरा बुटका वाटतो." "याचे कल्ले बघा, किती घरंदाज!" पाहायला गेलेल्या मुलीलाही कोणी इतकं निरखत नसेल.

"अहो, पण हा खातो काय?" राणी दर वेळी विचारायची.

"खाईल गं, आपण घालू ते," राजा दर वेळी म्हणायचा, आणि राणी कपाळाला हात लावायची.

त्या गर्दीत एका घंगाळात चिखलाच्या रंगाचा, जाड ओठांचा एक मासा होता. घंगाळाच्या कडेला धरलेलं शेवाळ तो मान खाली घालून खरवडत होता. राणीचे डोळे चमकले. "हा बघा! असाच हवा होता मला."

"हा?" राजाने नाक मुरडलं. "सदरेवर चार पाहुणे येतात. त्यांना हे ध्यान दाखवू?"

इतक्यात राजाची लाडकी धाकटी बहीण आली. तिच्या हातात चांदीचं भांडं आणि भांड्यात पिवळाधमक मासा, अंगावर काळे पट्टे, पुढे लांब नाजूक चोच. "वहिनी, खास तुमच्यासाठी आहेर आणलाय!"

"सुंदर आहे हो," राणी म्हणाली. "पण वन्सं, एवढी लांब चोच देवाने कशासाठी दिली असेल?"

"अय्या, शोभेसाठी! आणखी कशासाठी?"

राणी चोचीकडे बघत म्हणाली, "आमच्या माहेरी नवा मासा आधी घंगाळात ठेवतात, सोबत पोवळ्याचा लहानसा तुकडा. तुकडा शाबूत राहिला, तरच मासा हौदात."

झालं! वन्संचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या आहेराची परीक्षा? दादा, बघ रे ही!"

"अगं, आहेर कधी कोणी पारखून घेतं का?" राजा राणीवरच वैतागला. त्या राज्यात रीतच होती तशी. आलेला आहेर डोळ्यांना लावायचा आणि मुकाट्याने घरात घ्यायचा. राणीला सगळं कळत होतं, पण वन्संचे भरून आलेले डोळे तिला बघवेनात. "बरं," ती म्हणाली. "सोडा आत."

पहिल्या दिवशी सगळे खूश. मासा पोवळ्यांपाशी जाऊन हळूच चोच लावायचा. "बघ, बघ, मुके घेतोय!" राजा टाळ्या पिटत म्हणाला. राणीने काचेला नाक लावून पाहिलं. जिथे मुका, तिथलं फूल नाहीसं. शेवाळाकडे ढुंकूनही न बघता मासा एकेक फूल वेचून खात होता.

"अहो, तो खातोय त्यांना!"

"खेळतोय गं. तू फार संशयी."

राणीला वाटलं, उचलावं एखादं घंगाळ आणि यांच्या मुकुटावर पालथं घालावं. पण तिने तेही केलं नाही.

थोड्याच दिवसांत निम्मी बाग पांढरीफटक पडली. आता मात्र राजा हादरला. "काढा त्याला!" तो ओरडला. सेवक जाळी घेऊन हौदात उतरले. मासा या फांदीआडून त्या फटीत, त्या फटीतून पलीकडे. जाळी मात्र प्रत्येक फांदीत अडकायची आणि कट्‌कन फांदी मोडायची.

"थांबा!" राणी किंचाळली. "तो खातोय त्याहून जास्त तुम्ही मोडताय!"

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, हौद रिकामा करा. वन्सं म्हणाल्या, "गोड बोलून बघा, लाडात वाढलाय तो." राणीने हात जोडले आणि सगळ्यांना तिथून घालवलं.

एकटी उरल्यावर ती पोटभर रडली. मग डोळे पुसून पाण्यात उतरली. घागरीतून आणलेलं ते पहिलं पोवळं अजून जिवंत होतं. त्याचा बोटभर तुकडा तिने स्वतःच्या हाताने मोडला, अरुंद तोंडाच्या वेताच्या टोपलीत ठेवला आणि वाट पाहत राहिली. ताज्या घासाच्या लोभाने मासा टोपलीत शिरला. राणीने झाकण लावलं.

तिने टोपलीत डोकावून पाहिलं. एक मासा, एक तुकडा, आणि तुकड्यावर चाललेली चोच. माहेरची परीक्षा हीच तर होती! तेव्हा घेतली असती तर या बोटभर तुकड्यावर निभावलं असतं.

राजा खाली मान घालून आला. "काय शिक्षा करू या माशाला?"

"माशाला?" राणी म्हणाली. "तो बिचारा जेवला हो. त्याच्या पानात माझं माहेर वाढलं ते आपण. आणि वाढताना पळी माझ्याच हातात होती."

पिवळा मासा समुद्रात सोडला. चिखलाच्या रंगाचा मासा राणीने परत मागवला. तो आधी घंगाळात राहिला, तुकडा शाबूत ठेवून परीक्षेला उतरला आणि मगच हौदात गेला. तो शेवाळ खरवडत राहिला, आणि उरलेली पोवळी हळूहळू पुन्हा उमलू लागली.

पुढच्या दिवाळीला वन्सं पुन्हा आल्या. चांदीच्या भांड्यात निळाशार, झुपकेदार शेपटीचा मासा. राणीने हसून त्यांच्यापुढे घंगाळ धरलं. आत पोवळ्याचा लहानसा तुकडा होता.

"या वन्सं, पानं वाढलीत. तुम्ही आत चला. मासा मात्र इथेच थांबेल."

वन्सं रुसल्या. पुरणपोळी येईपर्यंत रुसल्या, मग जेवल्या. राजाने काही बोलायला तोंड उघडलं, राणीकडे पाहिलं, आणि घंगाळावर वाकून हळूच विचारलं, "काय रे बाबा, तू खातोस काय?"

तात्पर्य एवढंच: भीड भिकेची बहीण. घरात घेण्याआधी रूप नव्हे, भूक पाहावी. विचारल्याने पाहुणा घटकाभर रुसतो, न विचारल्याने घर उजाड होतं.