तिसऱ्या दारातलं वाक्य

“‘मी तुला माफ केलं’ हे हिंदीत कसं म्हणायचं, बाबाजी?”

नर्मदेकाठच्या धर्मशाळेत गेंदाबाबा मेथी निवडत बसले होते. बाबा मूळचे बऱ्हाणपूरचे, त्यामुळे मराठी चांगली जाणत. परिक्रमेला आलेल्या मराठी माणसांना रोजच्या बोलण्यातली चार हिंदी वाक्यं शिकवत आणि मगच पुढं सोडत.

विचारणाऱ्या कालिंदीबाई साताऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तीन दिवसांत त्यांची अर्धी वही भरली होती. ‘रास्ता किधर से है?’ ‘थोड़ा पानी दीजिए।’ ‘नहीं, मुझे नहीं चाहिए।’ हे शेवटचं तर त्यांना एका दमात पाठ झालं होतं.

“कुणाला करायचंय माफ?” बाबांनी विचारलं.

“सुनेला. शकुनला. इथून दोन मुक्कामांवर घर आहे तिचं. मुलानं आमच्या मनाविरुद्ध लग्न केलं, नऊ वर्षं झाली. तिला मराठी येत नाही. आता माझं वय झालं... नातवाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही मी.”

“काय केलं होतं तिनं?”

“पहिल्यांदा घरी आली आणि पहाटे उठून सगळ्यांसाठी पुऱ्या तळल्या. मला न विचारता.”

“मग?”

“मी ताट बाजूला सारलं. माझ्यापुरता वेगळा भात टाकला.”

“आणि ती?”

कालिंदीबाईंनी वहीचं पान उगाच उलटलं.

“ती... तशीच गेली. उपाशी.”

बाबांनी आणखी दोन काड्या निवडल्या.

“ते वाक्य मला येत नाही, माताराम. दुसरं शिकवतो. म्हणा, ‘मुझे भूख लगी है।’”

बाईंना हसू आलं. “हे तर बालवाडीतलं पोरही म्हणेल.”

“म्हणेल खरं.”

परिक्रमेत ठिकठिकाणी कोरडा शिधा मिळतो. बाई तो घेत आणि स्वतः रांधून खात. परक्याच्या हातचं खायचं नाही, असा त्यांचा नेम. नेम कसला, ताठाच तो. पण सोवळ्याचं नाव दिलं की ताठाही शोभून दिसतो.

बाबांनी हात लांबवून त्यांची शिध्याची पुरचुंडी उचलली आणि आपल्या मांडीखाली ठेवली.

“आज शिधा नाही. गावात जा. वाक्य म्हणून या.”

पहिल्या दारात बाईंनी रस्ता विचारला. तो त्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या दारात पाणी मागितलं.

तिसऱ्या दारात एक बाई चुलीपुढं रोट्या भाजत होती. तीस वर्षं ज्यांच्या आवाजानं शाळेचं मैदान चिडीचूप व्हायचं, त्या कालिंदीबाई जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटल्या.

“मुझे... भूख लगी है।”

तिनं ना नाव विचारलं, ना गाव. पदरानं ओटा पुसला.

“बैठो अम्मा।”

गरम रोटी, मीठ, हिरवी मिरची. दुसऱ्या घासाला बाईंना ती पहाट आठवली. पुऱ्यांचं ताट घेऊन उभी राहिलेली, कोपरापर्यंत पीठ लागलेली ती पोर. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या परक्या ओट्यावर बसून त्या रडल्या. रोटीवालीनं आणखी एक रोटी वाढली.

संध्याकाळी त्या बाबांपुढं येऊन बसल्या. वही पिशवीतच होती.

“आलं वाक्य?”

“आलं.”

“मग उद्या निघा. शकुनच्या दारात तेच म्हणा.”

कालिंदीबाईंनी पदर सावरला.

“आणि माफीचं वाक्य, बाबाजी?”

बाबांनी पुरचुंडी त्यांच्यापुढं सरकवली.

“ते तिला येतं.”